हायड्रॉलिक डिस्क ब्रेकच्या तक्रारी आणि त्यांची दुरुस्ती: बेळगाव परिसरातील माउंटन बाईकस्वारांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

येळ्ळूरच्या राजहंसगडावरून उतरताना, जांबोटी-कणकुंबीच्या पावसात किंवा निपाणीजवळच्या तवंदी घाटात सायकलस्वाराचा जीव दोन बोटांखालच्या लिव्हरवर अवलंबून असतो. असे असूनही हायड्रॉलिक ब्रेक बिघडला की बहुतेक जण एकच उपाय सुचवतात: ऑईल बदला. माझा अनुभव वेगळा आहे. आवाज, घासणे आणि कमी पकड या तक्रारींचे मूळ बहुतेक वेळा चाक, रोटर (चाकाबरोबर फिरणारी धातूची चकती), पॅड (तिला आवळणारे घर्षणाचे तुकडे) किंवा कॅलिपर (पॅड आणि पिस्टन धरणारा भाग) यांच्या बसवणीत सापडते आणि बंद असलेली ऑईलची व्यवस्था उघडण्याची गरजच पडत नाही. म्हणून कोणत्याही तक्रारीत बाहेरच्या गोष्टींची तपासणी आधी आणि ऑईल नंतर, हा क्रम मी आग्रहाने सांगतो.

हा ब्रेक नेमका चालतो कसा?

लिव्हर दाबला की त्यातील लहान पिस्टन नळीतील ऑईल ढकलतो, तो दाब कॅलिपरमधील मोठ्या पिस्टनांवर जातो आणि ते पॅड रोटरवर आवळतात. ऑईल दाबले जात नाही, हवा मात्र दाबली जाते. नळीत हवा शिरली की लिव्हर मऊ लागतो, याचे कारण एवढेच आहे. पिस्टनाभोवती चौकोनी छेदाचे रबरी सील असते. ब्रेक लावताना ते किंचित पिळले जाते आणि लिव्हर सोडताच मूळ आकारात येऊन पिस्टनाला मागे ओढते. पॅड झिजत गेले की पिस्टन सीलमधून थोडा पुढे सरकून तिथेच राहतो, त्यामुळे केबलच्या ब्रेकसारखी तार ताणण्याची गरज या ब्रेकला पडत नाही. पॅड आणि रोटर यांच्यातील मोकळी जागा अगदी थोडी असते, हे लक्षात ठेवले तर पुढचे निम्मे प्रश्न आपोआप समजतात.

माझ्या ब्रेकमध्ये कोणते ऑईल घालावे? मोटरसायकलच्या दुकानात मिळते ते चालेल का?

ब्रेक कोणत्या कंपनीचा आणि कोणत्या मॉडेलचा आहे हे पाहिल्याशिवाय काहीही घालू नये. शिमानो, मगुरा आणि टेक्ट्रो यांचे ब्रेक मिनरल ऑईलवर चालतात. स्रॅमचे बरेच ब्रेक आणि होपचे ब्रेक डॉट प्रकारच्या द्रवावर चालतात. मात्र स्रॅमच्या डीबी८ आणि मॅव्हन या मॉडेलांत मिनरल ऑईल असते, म्हणून कंपनीच्या नावावरून अंदाज बांधणेही धोक्याचे आहे. लिव्हरवर किंवा ऑईलच्या टाकीच्या झाकणावर बहुधा तसे छापलेले असते, ते वाचावे.

मोटरसायकलच्या डिस्क ब्रेकमध्ये डॉट ३ किंवा डॉट ४ असते आणि खडे बाजारापासून उद्यमबागेपर्यंत कोणत्याही स्पेअर पार्टच्या दुकानात ते सहज मिळते. त्यामुळेच ही चूक आपल्या भागात वारंवार होते. माझ्या जुन्या सायकलीच्या शिमानो ब्रेकमध्ये एका गॅरेजमध्ये सद्भावनेने डॉट ४ भरण्यात आले. पहिले काही दिवस ब्रेक उत्तम लागला. नंतर लिव्हर दाबल्यावर परत येईना, कारण मिनरल ऑईलसाठी बनवलेली रबरी सीले डॉटमुळे फुगली होती. लिव्हर आणि कॅलिपर दोन्ही टाकून द्यावे लागले. उलट चूकही तितकीच घातक असते: डॉटच्या ब्रेकमध्ये मिनरल ऑईल गेले की त्याची सीले निकामी होतात. ऑईल चुकीचे पडल्याचे लगेच लक्षात आले तरी नुसते काढून भागत नाही. सीले बदलल्याशिवाय त्या ब्रेकवर भरवसा ठेवू नये.

डॉट द्रव हवेतील ओलावा शोषून घेतो आणि ओलावा वाढला की त्याचा उत्कलनबिंदू खाली येतो. मानकानुसार डॉट ४ चा उत्कलनबिंदू कोरडा असताना किमान २३० अंश सेल्सिअस आणि ओलावा शोषल्यावर किमान १५५ अंश असावा लागतो, डॉट ५.१ साठी हे आकडे २६० आणि १८० आहेत. कणकुंबीसारख्या धो-धो पावसाच्या पट्ट्यात सायकल चालवणाऱ्यांनी डॉट वर्षातून एकदा बदलावे आणि वर्षभर उघडी राहिलेली बाटली वापरू नये. डॉट ५ हा सिलिकॉनचा वेगळा द्रव आहे, तो ५.१ च्या जागी चालत नाही. डॉट रंगावर सांडले तर रंग उखडतो, म्हणून लगेच भरपूर पाण्याने धुवावे. मिनरल ऑईल पाणी शोषत नाही. परंतु आत शिरलेले पाणी वेगळे राहून सर्वांत खाली, म्हणजे कॅलिपरमध्ये, साठते आणि तिथेच उष्णता सर्वांत जास्त असते. म्हणून तेही कधीतरी बदलावेच लागते.

ब्रेक लावला की कर्कश आवाज येतो आणि सायकल थांबत नाही. काय झाले असेल?

दोन्ही तक्रारी एकत्र असतील तर पॅडवर तेल गेले आहे असे जवळजवळ खात्रीने समजावे. पावसात भिजलेला ब्रेकही ओरडतो, पण रोटर कोरडा होताच तो आवाज थांबतो. तेलाचा आवाज थांबत नाही.

तेल येते कुठून, हे शोधल्याशिवाय नवे पॅड घालणे म्हणजे पैसे पाण्यात टाकणे होय. साखळीवर मारलेला फवारा मागच्या रोटरवर उडतो, हे सर्वांत नेहमीचे कारण आहे. साखळीला तेल थेंबाथेंबाने घालावे आणि त्या वेळी रोटरवर फडके धरावे. दुसरे कारण आपल्याकडचे आहे. मोटरसायकली धुण्याच्या वॉशिंग सेंटरवर शेवटी चकाकीसाठी डिझेल किंवा पॉलिशचा फवारा मारण्याची पद्धत असते आणि सायकल तिथे दिली की तोच फवारा तिच्यावरही बसतो. चिखल काढायला साधे पाणी आणि ब्रश पुरेसा आहे. बोटांवरचा तेलकटपणाही रोटरला लागतो, म्हणून रोटर हाताळताना कडेला किंवा मधल्या भागाला धरावे.

उपाय असा: चाक आणि पॅड काढावेत. रोटर आयसोप्रोपिल अल्कोहोलने स्वच्छ फडक्यावर पुसावा आणि फडके काळे व्हायचे थांबेपर्यंत फडक्याची बाजू बदलत राहावे. पॅडचा पृष्ठभाग चकाकत असेल तर सपाट काचेवर किंवा शहाबादी फरशीवर पॉलिश पेपर ठेवून तो हलकेच घासावा. ती धूळ श्वासात जाऊ नये म्हणून पेपर ओला ठेवावा आणि तोंडाला मास्क लावावा. तेल पॅडच्या आत मुरले असेल तर या उपायाने फरक पडत नाही. गॅसच्या शेगडीवर पॅड भाजून तेल जाळण्याचा सल्ला अनेक जण देतात, तो मी देणार नाही. त्या उष्णतेने पॅडमधील बांधणारा पदार्थ आणि मागच्या पत्र्याशी असलेला जोड कमकुवत होतो. उतारावर पॅडचा थर पत्र्यापासून सुटला तर काय होईल, याचा विचार करावा. असे पॅड टाकून द्यावेत.

साफसफाई आणि नवे पॅड होऊनही थोड्याच दिवसांत तीच तक्रार आली, तर कॅलिपरच्या पिस्टनाशेजारून ऑईल झिरपत आहे का ते पाहावे. तेल एकाच पॅडच्या मागच्या बाजूला दिसले तर शंका उरत नाही. शिमानो कॅलिपरची सीले सुटी विकत नाही, त्यामुळे तो कॅलिपरच बदलावा लागतो.

चाक फिरताना रोटर घासल्याचा 'शिक् शिक्' असा आवाज येतो. तो कसा घालवावा?

आवाज सतत येतो की प्रत्येक फेऱ्यात एकदाच येतो, हे आधी ऐकावे. सतत येत असेल तर कॅलिपर मध्यभागी नाही. एका फेऱ्यात एकदाच येत असेल तर रोटर वाकडा आहे.

कॅलिपरला हात लावण्यापूर्वी सायकल जमिनीवर उभी करून क्विक रिलीज (चाक धरून ठेवणारा खटका) सैल करावा, चाक पूर्ण बसू द्यावे आणि पुन्हा घट्ट करावे. पंक्चर काढल्यानंतर सुरू झालेले घासणे बहुतेक वेळा एवढ्यानेच थांबते. न थांबल्यास कॅलिपरचे दोन्ही बोल्ट तो हलेल इतपत सैल करावेत, लिव्हर जोराने दाबून धरावा आणि तसाच दाबलेला ठेवून बोल्ट आळीपाळीने, थोडे थोडे आवळावेत. शिमानोसाठी हे आवळणे ६ ते ८ न्यूटन-मीटर असते. यानेही जमले नाही, तर कॅलिपरच्या मागे पांढरा कागद धरून रोटरच्या दोन्ही बाजूंची फट डोळ्यांनी पाहावी आणि कॅलिपर हाताने सरकवून बसवावा.

रोटर वाकडा असेल तर जिथे घासतो तिथे खूण करून, तेलाचा अंश नसलेल्या ॲडजस्टेबल पान्याने तो जरा जरा उलट दिशेला वाकवावा. एकदम जोर लावू नये, आणि फिरत्या रोटरजवळ बोटे नेऊ नयेत. रोटरची जाडीही याच वेळी व्हर्निअरने मोजून घ्यावी. शिमानोचा नवा रोटर १.८ मिलिमीटर जाड असतो आणि १.५ मिलिमीटरवर आला की बदलावा लागतो.

पंक्चरवाल्याने सायकल उलटी ठेवली आणि त्यानंतर लिव्हर मऊ झाला. उलटी ठेवल्याने ब्रेक बिघडतो का?

सायकल उलटी ठेवल्याने ब्रेक बिघडत नाही. आधीपासून असलेला दोष उघड होतो. लिव्हरजवळच्या टाकीत हवेचा बुडबुडा असेल तर सायकल सरळ असताना तो वर, निरुपद्रवी जागी राहतो. सायकल उलटी झाली की तो नळीच्या तोंडाशी येतो आणि त्या अवस्थेत कुणी लिव्हर दाबला तर आत ढकलला जातो. सायकल सरळ करून लिव्हर हळूहळू वीस-तीस वेळा दाबावा आणि नळीवर बोटाने टिचक्या माराव्यात. रात्रभर लिव्हर हँडलला रबराने बांधून ठेवल्यासही बराच फरक पडतो. हा उपाय तात्पुरता आहे. टाकीतील ऑईल कमी झाल्याची ही खूण असल्यामुळे सवडीने ब्लीड करावेच, म्हणजे आतील हवा काढून ऑईल भरावेच.

घरच्या घरी ब्लीड करता येते का?

येते, पण घाई असलेल्या दिवशी करू नये. आपल्याकडे सर्वाधिक दिसणाऱ्या शिमानोच्या साध्या ब्रेकची पद्धत इथे देतो. स्रॅमची पद्धत दोन सिरिंजांची आहे, तिचे साहित्यही वेगळे असते. दोन्ही पद्धतींची सरमिसळ करू नये.

प्रथम चाक आणि पॅड काढून सुरक्षित जागी, दुसऱ्या खोलीत ठेवावेत. ब्लीड करताना पॅडवर ऑईलचा एक थेंब पडला तरी कर्कश आवाजाच्या प्रश्नातील सगळा त्रास सुरू होतो. पिस्टन टायर लिव्हरने (टायर काढायच्या प्लास्टिकच्या पट्टीने) पूर्ण आत ढकलून त्यांच्यामध्ये कंपनीचा प्लास्टिकचा ठोकळा बसवावा. ही पायरी गाळून झिजलेले पॅड तसेच ठेवून ऑईल पूर्ण भरले, तर पुढे नवे जाड पॅड घालताना पिस्टन मागे जायला जागाच उरत नाही आणि ब्रेक जाम होतो.

नंतर लिव्हर हँडलवर फिरवून टाकीचा ब्लीड स्क्रू वरच्या बाजूला येईल असा जमिनीला समांतर करावा, स्क्रू काढून तिथे फनेल घट्ट बसवावे आणि त्यात थोडे ऑईल घालावे. कॅलिपरच्या निपलला (ऑईल आत-बाहेर करण्याच्या तोंडाला) बहुधा ७ मिलिमीटरचा पाना लागतो. ऑईल भरून आतली हवा काढलेली सिरिंज निपलला जोडावी, निपल अष्टमांश फेरा उघडावा आणि ऑईल सावकाश वर ढकलावे, कारण हवेचा स्वभाव वर जाण्याचा आहे आणि आपण तिला तिच्याच दिशेने मदत करत असतो. फनेलमध्ये बुडबुडे आणि कधीकधी काळे ऑईल येताना दिसेल. बुडबुडे थांबले की निपल बंद करून सिरिंज काढावी, तिच्या जागी पिशवी बांधलेली नळी लावावी आणि निपल पुन्हा उघडून ऑईल आपल्या वजनाने खाली वाहू द्यावे. त्या वेळी नळीवर आणि कॅलिपरवर पान्याच्या मुठीने हलके ठोकावे. फनेल रिकामे होऊ देऊ नये. ते रिकामे झाले की वरून पुन्हा हवा आत जाते आणि सगळे काम पहिल्यापासून करावे लागते.

बुडबुडे संपल्यावर निपल बंद करावी, लिव्हर दाबून धरावा आणि निपल अर्ध्या सेकंदापुरती उघडून मिटावी. असे दोन-तीन वेळा केले की कॅलिपरच्या कोपऱ्यात अडकलेली हवा सुटते. शेवटी निपल आवळून लिव्हर हळूहळू दाबत राहावा. फनेलमध्ये बुडबुडे येणे थांबल्यावर लिव्हर जमिनीकडे सुमारे ३० अंश झुकवून आणि पुन्हा तितकाच वर उचलून तेच करावे. लिव्हर दगडासारखा घट्ट लागला की फनेलचा गट्टू (बूच) लावून फनेल काढावे, टाकी काठोकाठ भरलेली असताना स्क्रू बसवावा आणि सांडलेले सर्व ऑईल पुसून काढावे. वापरलेले ऑईल मोरीत किंवा ओढ्यात ओतू नये. बाटलीत साठवून गाड्यांचे जुने ऑईल गोळा करणाऱ्या गॅरेजमध्ये द्यावे.

चाक काढलेले असताना लिव्हर दाबला गेला आणि पॅड एकमेकांना चिकटले. आता काय करावे?

काही बिघडलेले नाही. जुने पॅड आत असतानाच त्यांच्या फटीत प्लास्टिकचा सपाट टायर लिव्हर घालून ते सावकाश फाकवावेत. स्क्रूड्रायव्हर वापरू नये, कारण काही कॅलिपरांचे पिस्टन सिरॅमिकचे असतात आणि त्यांचा टवका उडतो. सायकल रेल्वेने किंवा बसच्या टपावरून नेताना चाक काढावे लागले, तर फटीत दुमडलेला पुठ्ठा घालून ठेवावा.

दोनपैकी एकच पिस्टन हलतो, दुसरा जागेवरच राहतो. हे कशामुळे होते?

पावसाळ्यात खानापूरच्या पश्चिमेकडची जांभ्याची लाल माती आणि निपाणी-चिकोडीकडची काळी चिकट माती पिस्टनाभोवती बसून सुकते. मग एक पिस्टन अडकतो, दुसरा जास्त पुढे येतो आणि रोटर एका बाजूला ढकलला जाऊन वाकतो. पॅड काढून हलणारा पिस्टन टायर लिव्हरने दाबून धरावा आणि ब्रेकचा लिव्हर हळूच दाबून अडकलेला पिस्टन दोन-तीन मिलिमीटर बाहेर आणावा. त्याची उघडी झालेली बाजू आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये बुडवलेल्या कापसाच्या काडीने पुसावी, मग ब्रेकमध्ये आहे त्याच ऑईलचा एक थेंब लावून तो आत ढकलावा आणि जास्तीचे ऑईल टिपून घ्यावे. पाच-सहा वेळा असे केल्यावर दोन्ही पिस्टन बहुधा बरोबरीने चालू लागतात. पिस्टन पूर्ण बाहेर पडणार नाही याची काळजी घ्यावी. मातीवर साखळीचे तेल किंवा ग्रीस लावून तो 'मोकळा' करू नये.

पॅड कधी बदलावेत? रेझिनचे घ्यावेत की मेटलचे?

शिमानोच्या पॅडचा घर्षणाचा थर ०.५ मिलिमीटर उरला की पॅड संपला. स्रॅममध्ये मागच्या पत्र्यासह जाडी ३ मिलिमीटरपेक्षा कमी झाली की तो बदलायचा असतो. किलोमीटरचा हिशेब मात्र आपल्या भागात कामाचा नाही. उन्हाळ्यात कित्येक महिने टिकणारे रेझिनचे पॅड जुलै-ऑगस्टमध्ये जांबोटीच्या पलीकडे, वाळूमिश्रित चिखलात, मोजक्या फेऱ्यांत संपलेले मी पाहिले आहेत. पावसाळ्यात प्रत्येक फेरीनंतर टॉर्च लावून पॅड पाहावेत आणि एक जोड सॅकमध्ये ठेवावा.

रेझिनचा पॅड शांत असतो आणि थंड असतानाही चांगला धरतो, पण ओल्या मातीत लवकर झिजतो. मेटलचा पॅड चिखलात आणि उष्णतेत टिकतो, आवाज मात्र जास्त करतो. आमच्या पावसासाठी मी मेटलचेच निवडीन. त्याआधी रोटरवरचा मजकूर वाचावा: स्वस्त सायकलींच्या अनेक रोटरांवर फक्त रेझिन पॅड वापरण्याची सूचना कोरलेली असते आणि अशा मऊ रोटरवर मेटलचा पॅड घातला तर रोटर झपाट्याने झिजतो.

नवे पॅड घातले, पण ब्रेक पूर्वीपेक्षा कमी लागतो. पॅड खराब आहेत का?

नाहीत, ते रोटरशी अजून जुळलेले नाहीत. मोकळ्या रस्त्यावर मध्यम वेगाने जाऊन चालण्याच्या वेगापर्यंत ब्रेक लावावा आणि असे सुमारे वीस वेळा करावे. त्यानंतर थोड्या अधिक वेगाने आणखी दहा वेळा करावे. चाक पूर्ण थांबू देऊ नये. यामुळे पॅडचा पातळ, एकसारखा थर रोटरवर चढतो आणि पकड तिथूनच येते.

चोर्ला घाट उतरताना अर्ध्यावर ब्रेक ढिला पडला. घरी आल्यावर तो पुन्हा व्यवस्थित होता. हे काय असावे?

ही उष्णतेची तक्रार आहे आणि ती गंभीरपणे घ्यावी. लिव्हर घट्ट होता पण पकड गेली, तर पॅड अतिशय तापले होते. लिव्हरच हँडलपर्यंत गेला, तर आतील द्रवाला किंवा त्यातील पाण्याला उकळी फुटून वाफ झाली होती. अशा वेळी ऑईल बदलल्याशिवाय पुन्हा घाटात जाऊ नये. रोटरवर निळसर झाक आली असेल तर तोही तपासावा.

उतारावर सतत ब्रेक धरून ठेवण्याची सवय या तक्रारीचे मुख्य कारण असते. वळणापूर्वी दोन्ही ब्रेक जोराने लावून वेग कमी करावा आणि मग ब्रेक पूर्ण सोडावेत, म्हणजे रोटरला वारा लागून तो निवतो. सामान जास्त असेल किंवा स्वाराचे वजन जास्त असेल, तर १६० मिलिमीटरऐवजी १८० मिलिमीटरचा रोटर योग्य अडॅप्टरसह बसवावा, मात्र फोर्क तेवढ्या रोटरला चालतो याची खात्री करून घ्यावी. उतरल्यानंतर रोटरला बोट लावून पाहू नये, क्षणात भाजते.

नळी लांब आहे, ती स्वतः कापावी का?

नळी कापली की तिच्या टोकातील धातूची नळकांडी आणि बाहेरचे ऑलिव्ह (सांधा घट्ट करणारी कडी), दोन्ही नवे घालावे लागतात आणि नंतर ब्लीडही करावे लागते. योग्य कात्री आणि सुटे भाग हातात नसतील तर हे काम सायकलच्या ब्रेकची सवय असलेल्या मेस्त्रीकडे द्यावे. सांध्यातून गळणारी नळी, तडा गेलेला रोटर किंवा हँडलला टेकणारा लिव्हर असेल, तर सायकल त्याच्याकडे चालवत नेऊ नये, ढकलत किंवा टेम्पोत घालून न्यावी.

दुरुस्ती झाल्यावर ब्रेक बरोबर झाला हे कसे तपासावे?

लिव्हर दोन्ही हातांनी, पूर्ण ताकदीने दहा सेकंद दाबून धरावा; तो हळूहळू हँडलकडे सरकत असेल तर कुठेतरी गळती किंवा आत हवा आहे. त्यानंतर कोरडा टिशू पेपर नळीच्या दोन्ही सांध्यांवर, ब्लीड स्क्रूवर आणि निपलवर फिरवावा आणि त्यावर डाग येतो का ते पाहावे. रोटरचे आणि कॅलिपरचे बोल्ट पुन्हा एकदा पाहावेत. मग सायकलवर न बसता ती पुढे ढकलून एकेक ब्रेक स्वतंत्रपणे लावून पाहावा: पुढच्या ब्रेकने मागचे चाक उचलले गेले पाहिजे आणि मागच्या ब्रेकने मागचे चाक घासत थांबले पाहिजे. पहिली फेरी सपाट गल्लीतच मारावी, आणि ती झाल्यावर टिशूची तपासणी पुन्हा करावी, कारण बारीक गळती ब्रेक तापल्यावरच दिसते.